मुंबई ते फ्रँकफर्ट, साडेपाच तास

आमच्या घरात मुलगी किती लांब द्यायची, याचं एक माप होतं. ते किलोमीटरचं नव्हतं. सकाळी निरोप गेला तर मुलगी दिवेलागणीपर्यंत माहेरी पोचली पाहिजे, एवढंच. स्थळ आलं की मोठेबाबा, म्हणजे माझ्या बाबांचे थोरले भाऊ, मुलाची नोकरी किंवा शेती विचारायच्या आधी गाव विचारायचे. मग डोळे मिटून मनातल्या मनात एसटी बदलत जायचे. मेडशीहून सकाळची गाडी, मालेगाव, वाशीम, वाशीमला अर्धा तास, तिथून पुढची. शेवटच्या फाट्यावर उतरून गावापर्यंत चालायचा वेळसुद्धा ते धरत. दिवेलागणीच्या आत बसलं तर पुढचं बोलणं. नाही बसलं तर पाहुण्यांना चहा पाजून वाटेला लावायचे.

माझ्या तिन्ही आत्या या मापात दिल्या गेल्या. मायसुद्धा तशाच मापात या घरी आली. तिचं माहेर मानोऱ्याच्या पुढे, आणि आमचं गाव मेडशीजवळ. तिच्या वडिलांनीही गाड्या मोजूनच ही सोयरीक केली होती, असं मी लहानपणापासून ऐकत आले आहे.

हे सगळं सांगायचं कारण माझी ताई. आमच्या घरात बारावी पास झालेली ती पहिली, मी दुसरी. तिने नर्सिंग केलं, नागपूरला एका दवाखान्यात नोकरी धरली, आणि ड्युटी संपल्यावर संध्याकाळी जर्मन भाषा शिकायला जाऊ लागली. आम्हाला वाटायचं, शहरात राहते, करत असेल काहीतरी. मागच्या वर्षी एप्रिलमध्ये तिचा फोन आला की ती भाषेची परीक्षा पास झाली आहे आणि जर्मनीतल्या एका दवाखान्याने तिला बोलावलं आहे. मे संपायच्या आत होकार कळवायचा होता.

बाबा आनंदले, पण त्यांनी लगेच म्हटलं की दादाला विचारावं लागेल. आमच्याकडे बाबा आणि मोठेबाबा यांचं शेत एकत्र, अंगण एक, आणि असले निर्णय मोठेबाबांचे. ताईनेही मला स्पष्ट सांगितलं होतं की घरातून कोणी नाही म्हटलं तर ती भांडून जाणार नाही. तिची तीन वर्षांची मेहनत होती. पण घराकडे पाठ करून जायचं तिच्या मनात नव्हतं.

मोठेबाबांनी नेहमीचा प्रश्न विचारला. किती लांब? मी वाशीमच्या कॉलेजात भूगोल घेऊन बीए करते, त्यामुळे सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला चारचौघांत बोलायला भीती वाटते. वर्गात उत्तर येत असूनही मी हात वर करत नाही. पण त्या दिवशी घरच्यांनी ज्या नजरेने माझ्याकडे पाहिलं, तसं याआधी कोणी पाहिलं नव्हतं. मी म्हटलं, मोजून सांगते.

कॉलेजच्या भूगोल विभागात एक जुना पृथ्वीगोल आहे. त्यावर मुंबईपासून फ्रँकफर्टपर्यंत दोरा ताणून धरला आणि खालच्या प्रमाणाने मोजलं. साधारण साडेसहा हजार किलोमीटर आले. मोबाइलवर पाहिलं तर तेवढेच निघाले, आणि मला स्वतःचंच कौतुक वाटलं. वेळेसाठी ताईकडून तिकिटाचा नमुना मागवला. दवाखान्याने पाठवलेला एक साधा कागद होता. मुंबईहून दुपारी बाराला निघणार, फ्रँकफर्टला संध्याकाळी साडेपाचला उतरणार.

त्या संध्याकाळी अंगणात मी उभी राहून हे सांगितलं.

मोठेबाबा म्हणाले, "मुंबईपर्यंत तं आपलंच राज्य हाय. आपले पोट्टे रोज जातेत-येतेत. ते धरू नको. मुंबईच्या पुढचं सांग."

मी म्हटलं, साडेपाच तास.

"साडेपाच?" ते बाबांकडे पाहून हसले. "एवढ्या टायमात तं तुयी बायको माहेरीबी पोचत नाही."

सगळे हसले. माय चुलीजवळ होती, तिने वर पाहिलं नाही. ती मोठेबाबांसमोर डोक्यावरचा पदर ढळू देत नाही आणि त्यांच्याशी थेट बोलतही नाही. आमच्याकडे भासऱ्यासमोर, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावासमोर, तशीच रीत आहे. त्यांना काही सांगायचं असलं तर माझ्याकडे किंवा बाबांकडे पाहून सांगते. तेही हातभर अंतरावर असले तरी उत्तर माझ्यामार्फतच देतात. लहानपणी मला हा खेळ वाटायचा.

मोठेबाबांनी होकार दिला. त्यांना होकार द्यायचाच होता, हे आता मला समजतं. नाहीतर मुंबईपर्यंतचा रस्ता त्यांनी मापातून वगळला नसता. ताईला फोन लावून सांगितलं. नुसता नाक ओढल्याचा आवाज आला.

पुढच्या आठ-दहा दिवसांत साडेपाच तास गावभर झाले. पानटपरीवर, दूध डेअरीवर, लग्नाच्या पंगतीत मोठेबाबा स्वतःहून विषय काढत. कोणी म्हणे, एवढ्यात तर आपण अकोल्याला जाऊन बाजार करून परत येतो. कोणी म्हणे, मग पोळ्याला येत जाईल दरवर्षी. ते म्हणत, आमच्या लहानीनं मोजलं, कॉलेजात गोल हाय तिथं. मी रस्त्याने जाताना बायका मला थांबवून विमानाचं विचारू लागल्या. मी लाजत होते, पण मान थोडी वर करून चालत होते, हे खोटं कशाला सांगू.

मग ताईने येतानाच्या विमानाचा कागद पाठवला. सुट्टीत कधी यायचं झालं तर कसं, हे घरच्यांना दाखवायला. मी वाशीमच्या बसस्टँडवर मेडशीच्या गाडीची वाट पाहत बसले होते, तिथे तो उघडला. फ्रँकफर्टहून दुपारी दीडला निघून मुंबईला रात्री एकला. मी बोटांवर मोजलं. साडेअकरा तास. पुन्हा मोजलं. जाताना साडेपाच आणि येताना साडेअकरा, हे कसं होईल? अंतर तर तेच. पृथ्वीगोलावरचा दोरा उलट्या बाजूने धरला म्हणून लांब होत नाही.

शेजारी एक म्हातारी बोचकं घेऊन बसली होती. तिने विचारलं, "काय झालं व पोरी, निकाल लागला का?"

मी म्हटलं, "काही नाही." खरं तर मला तेव्हाच समजलं होतं. कागदावरच्या वेळा दोन वेगळ्या घड्याळांच्या होत्या. निघायची वेळ मुंबईच्या घड्याळाची, उतरायची तिथल्या घड्याळाची. जर्मनीचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे. जाताना ते साडेतीन तास आपल्याला फुकट मिळाल्यासारखे दिसतात आणि येताना कापून घेतल्यासारखे. साडेपाचात साडेतीन मिळवले की नऊ. साडेअकरातून साडेतीन वजा केले की आठ. विमान नऊ तासांत जातं आणि आठ तासांत येतं.

हे मला येत होतं, याचंच जास्त वाईट वाटलं. रेखावृत्तं आणि स्थानिक वेळ यांवरचं उदाहरण मी परीक्षेत बरोबर सोडवलं होतं. एका अंशाला चार मिनिटं, पंधरा अंशांना एक तास, सगळं पाठ होतं. पण ते गणित पेपरातल्या 'अ' शहराचं आणि 'ब' शहराचं होतं. त्यांतल्या एका शहरात माझी ताई उतरणार आहे, हे माझ्या डोक्यात कधी आलंच नाही.

गाडीत बसल्यावर ताईला फोन केला.  ती म्हणाली, "मला वाटलं, तू मुद्दाम साडेपाच सांगितलं."

तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मी तिच्यासाठी घरात खोटं बोलले, असं समजून ती मनातल्या मनात माझे आभार मानत राहिली होती. मी म्हटलं, मला खरंच कळलं नव्हतं. यावर ती हसली, आणि मग तिचा आवाज उतरला. ती म्हणाली की आता काय करायचं ते तूच ठरव, मी तुला सांग म्हणणार नाही आणि लपव असंही म्हणणार नाही. तिने होकार अजून कळवला नव्हता, आणि त्याला चार दिवस उरले होते.

मालेगाव येईपर्यंत मी गप्प बसायचं ठरवत होते. मालेगावनंतर मला मोठेबाबा दिसू लागले, टपरीवर बसून लोकांना माझा आकडा सांगणारे. आज ना उद्या एखादा मुलगा मोबाइल काढून त्यांच्यासमोर नऊ तास दाखवणार. त्यांना उत्तर देता येणार नाही. त्या माणसाने आयुष्यात मोजलेल्या गाड्यांत कधी चूक केली नव्हती, आणि माझ्या भरवशावर ते एक चुकीचा आकडा गावभर घेऊन फिरत होते. आणि दुसरं, येतानाचं विमान मुंबईला रात्री एकला पोचत होतं. म्हणजे त्यांच्या मापात ताईचं जाणं बसतच नव्हतं. निरोप मिळाल्यावर मुलीला यायचं असतं. मी मात्र सगळ्यांना जायची वेळ सांगितली होती.

घरी पोचले तेव्हा ऊन उतरलं होतं. माय अंगणात पेरणीच्या सोयाबीनचं बी तपासायला बसली होती. आमच्याकडे पेरणीआधी ओल्या पोत्यावर शंभर दाणे मांडतात, पोतं गुंडाळून ठेवतात आणि काही दिवसांनी किती उगवले ते मोजतात. ती दहा-दहाच्या रांगा लावत होती. बाबा आणि मोठेबाबा बाजेवर बसले होते. मी दप्तर खाली ठेवलं आणि उभ्याउभ्याच सांगून टाकलं.  वही उघडून दोन्ही कागदांतल्या वेळा दाखवल्या, घड्याळांचा फरक सांगितला, नऊ आणि आठ सांगितले.

बाबांनी विचारलं, येतानी एक तास कमी काहून? मी म्हटलं, खूप उंचावर पश्चिमेकडून जोराचा वारा असतो, येताना तो विमानाच्या पाठीशी येतो.

माय रांग न मोडता म्हणाली, "वर हवा राह्यतेच." खळ्यात खाली पानही हलत नसताना ती तिवईवर चढून धान्य उफणते, तिला हे सांगायची गरज नव्हती.

 मोठेबाबांनी माझी वही घेतली. चौथीपर्यंत शिकलेले आहेत, आकडे वाचता येतात. बराच वेळ पाहून त्यांनी ती परत दिली.

"म्हंजे सकाळी फोन केला तं दिवेलागणीले मुंबईतबी नाही."

मी नाही म्हटलं.

"मंग कसं जमन?"

ते रागावले नव्हते. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी बाबांकडे पाहिलं, आणि बाबांनी जमिनीकडे. मला दिसत होतं की ताईची तीन वर्षं या अंगणात संपत आहेत आणि ती माझ्या तोंडाने संपत आहेत. मी चूक सुधारली होती. तरी मला त्या क्षणी वाटलं की मूर्खपणा केला.

तेव्हा मायने हातातले दाणे सुपात टाकले.

"पोरी, लिही," ती मला म्हणाली. "तुया मामाचं गाव इथून किती लांब हाय?"

मला कळेना. मी म्हटलं, नकाशावर सरळ रेघेत साठेक किलोमीटर, रस्त्याने जास्त.

"साठ लिही. तुये आजोबा गेले तवा मेडशीच्या दुकानात फोन आला. मी वावरात होती. मले साडेनऊले समजलं. साडेनऊ लिही."

मी लिहिलं. मग ती एकेक टप्पा सांगत गेली आणि मी लिहीत गेले. त्या दिवशी बाबा अकोल्याला गेले होते, म्हणून मोठेबाबांनीच तिला सायकलवर मेडशीला नेऊन गाडीत बसवलं. ताई तेव्हा दीड वर्षाची, मायच्या कडेवर. मालेगावपर्यंत ठीक गेली. वाशीमला पोचली तर मानोऱ्याची गाडी दहा मिनिटांपूर्वी सुटलेली. पुढची येईल येईल म्हणत दोन तास बसली. शेवटी मंगरूळपीरची मिळाली. मंगरूळपीरला ताईने रडून आकांत केला, एका अनोळखी बाईने तिला आपल्या डब्यातला भात भरवला. तिथून मानोरा. मानोऱ्याहून गावापर्यंत जीप भरेपर्यंत हलत नव्हती, म्हणून ती पोरीला घेऊन पायीच निघाली.

"पोचली तवा साडेसहा झाले होते. लोकं दिवे लावून राह्यले होते," माय म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखाच होता. "मापात होती मी. पण तुया मामा ओल्या कपड्यानं नदीवरून घरी येऊन राह्यला होता."

 सूर्य मावळायच्या आत अग्नी द्यायचा म्हणून तिच्या माहेरच्यांनी पाच वाजेपर्यंत वाट पाहिली होती. माझा मामा पुढचे कित्येक महिने तिच्या नजरेला नजर देत नव्हता, हे तिने मला नंतर कधीतरी सांगितलं.

"किती तास झाले?" तिने विचारलं.

"नऊ."

"आन ताईच्या इमानाले?"

"नऊ."

वहीत एकाखाली एक दोन ओळी होत्या. साठ किलोमीटर, नऊ तास. साडेसहा हजार किलोमीटर, नऊ तास. मी त्या दोन ओळींकडे पाहत राहिले.

मोठेबाबा बाजेवर पुढे सरकून बसले होते. ते माझ्याकडे पाहून म्हणाले, "तिले विचार, परत आली तवा मी तुया आजीच्या तोंडून विचारलं होतं, येळेवर पोचली का म्हणून. तिनं हो काहून म्हटलं?"

मला विचारायची गरज पडली नाही.

"त्याइले सांग," माय म्हणाली, "त्याइनं लय आशेनं विचारलं होतं. सायकल हाणून हाणून त्याइचे पाय सुजले होते. नाही कसं म्हणू?"

मोठेबाबांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. चोवीस वर्षं ते प्रत्येक सोयरिकीच्या वेळी उदाहरण म्हणून मायचंच सांगत आले होते. आमच्या घरची सून बघा, बाप गेला तेव्हा दिवेलागणीला पोचली. मी स्वतः हे त्यांच्या तोंडून ऐकलं आहे, माझ्या चुलतबहिणीच्या लग्नाच्या बोलणीत. माय तेव्हा आत चहा गाळत होती.

"अजून एक सांग," माय मला म्हणाली, आणि आता ती पोत्याकडे पाहत होती. "मी मेल्यावर पोरगी येऊन काय करते? जवळ दिली तरी मले माया बाप भेटला नाही. मी जिती हाय तवर तिनं रोज फोन करावा. तेवढं कबूल असन तं तिले जाऊ द्या."

एवढं बोलून ती पुन्हा दाणे मांडू लागली. मी माझ्या मायला घरात एवढं सलग बोलताना पहिल्यांदा ऐकत होते. मी कॉलेजात इतक्या मोठ्या माणसांची व्याख्यानं ऐकली आहेत, काहींच्या नोंदीही काढल्या आहेत. पण इतक्या थोड्या शब्दांत, आवाज न चढवता, कोणाचा मान न मोडता एवढं मोठं काही कोणी मांडलेलं मी ऐकलेलं नाही. ती शाळेत गेलेली नाही. तिने माझ्याच वहीत, माझ्याच हाताने, माझ्या विषयातलं गणित करून दाखवलं होतं.

मोठेबाबांनी पुढचा प्रश्न विचारला. 

"तिथं उतरल्यावर घ्याले कोण येते?"

बाबा पटकन म्हणाले, दवाखान्याची गाडी येते. मोठेबाबांनी मान हलवली आणि टोपी डोक्यावर घातली. म्हणाले, ताईला फोन लाव. फोन लागल्यावर त्यांनी तिला एवढंच सांगितलं की रोज मायला फोन करायचा, आणि थंडी असते म्हणतात, तर स्वेटर इथूनच घेऊन जा. मग ते उठून टपरीकडे गेले.

मी घाबरत त्यांच्या मागे थोडं अंतर ठेवून गेले. मला वाटलं, ते माझी चूक कशी सांगतात ते ऐकावं. टपरीवर चार-पाच जण होते. मोठेबाबा बाकावर बसले आणि म्हणाले, "ते साडेपाच तास म्हणत होतो ना मी, ते चूक हाय. नऊ तास लागतेत. येतानी आठ."

एक जण म्हणाला, "काहून गा, एवढ्यात लांब गेली का जर्मनी?"

"जर्मनी तिथंच हाय. घड्याळ वेगळं हाय त्याइचं," मोठेबाबा म्हणाले. "आमच्या लहानीनं हिशेब पुन्हा केला. स्वतःची चूक स्वतः येऊन सांगितली. तुया पोरानं कधी सांगितली का?"

टपरीवाल्यासकट सगळे त्या माणसाला हसले. मी तिथूनच परत फिरले. घरी येईपर्यंत मला रडू आवरत नव्हतं.

ताई पोळ्यानंतर गेली. मुंबईची गाडी अकोल्याहून होती, म्हणून आम्ही सगळे तिला मेडशीच्या स्टँडवर सोडायला गेलो. तिच्या दोन मोठ्या बॅगा, नवा स्वेटर हातावर, आणि मायने बांधून दिलेल्या दशम्या. अकोल्याची एसटी आली. कंडक्टरने बॅगा पाहून विचारलं, कुठं?

मोठेबाबा पुढे होऊन म्हणाले, "जर्मनी."

कंडक्टरने त्यांच्याकडे पाहिलं, मग ताईकडे. "काका, आमच्याकडून अकोल्यापर्यंतच होते. पुढचं तिले पाहा लागन."

"पाहते ते," मोठेबाबा म्हणाले. "साडेसहा हजार किलोमीटर हाय मुंबईहून. नऊ तास." कंडक्टरने विचारलं नव्हतं. गाडीतल्या लोकांनी माना वळवून ताईकडे पाहिलं. एका बाईने पोराला मांडीवर घेऊन तिच्यासाठी खिडकीची जागा रिकामी केली. बाबा तिच्यासोबत मुंबईपर्यंत जाणार होते. ते मात्र उभेच राहिले, बॅगांना हात लावून.

गाडी गेल्यावर माय रडली नाही. तिने मला विचारलं, आपले बारा वाजले की तिथं किती? मी साडेआठ सांगितले. आपले पाच वाजले की? दीड. आपले आठ? ती घरी येईपर्यंत विचारत राहिली आणि शेवटी शेवटी माझ्या आधी उत्तर देऊ लागली.

ताईची ड्युटी दुपारी दोनला संपते. तेव्हा आपल्याकडे साडेपाच वाजलेले असतात. मायने त्या वेळेप्रमाणे आपली सगळी कामं बसवून घेतली. साडेपाचच्या आत शेतातून घरी, हातपाय धुऊन, फोन समोर ठेवून ती अंगणात बसायची. ताई तिथल्या पेशंटचं, बर्फासारख्या पाण्याचं, तांदळापेक्षा महाग मिळणाऱ्या कोथिंबिरीचं सांगायची. माय सोयाबीन किती झालं ते सांगायची. मोठेबाबा बाजेवरून ऐकायचे आणि काही विचारायचं असलं की मला खूण करायचे.

ऑक्टोबर संपताना, सोयाबीन घरात येऊन तूर फुलावर होती तेव्हा, एका संध्याकाळी साडेपाचला फोन आला नाही. सहाही वाजले. बाबा येरझाऱ्या घालू लागले. मी मेसेज केला, तो पोचला पण कोणी पाहिला नाही. साडेसहाला फोन आला. ताई नेहमीसारखीच बोलली, उशीर झाल्याचं तिच्या गावीही नव्हतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा साडेसहा. मी म्हटलं, ड्युटी बदलली असेल.

मायने मान हलवली नाही. तिने ताईला विचारलं, तुझी सुट्टी किती वाजता झाली? ताई म्हणाली, दोनलाच. तुझ्या भिंतीवरच्या घड्याळात आता किती वाजले? ताईने दोन वाजून पाच सांगितले. मायने आमच्या घड्याळाकडे पाहिलं, आणि तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी कधी विसरणार नाही.

"तिथल्या लोकाइनं घड्याळ मांगं सारलं," ती म्हणाली. "आता फरक साडेतीन तासाचा नाही, साडेचारचा झाला."

मी म्हटलं, असं कसं होईल, देशाची प्रमाणवेळ अशी मधेच बदलत नाही. तिकडून ताई ओरडून हसली. म्हणाली, मायचं बरोबर आहे, इथे हिवाळा आला की सगळा देश घड्याळ एक तास मागे घेतो, मी सांगायचं विसरले. मला हे माहीत नव्हतं. भूगोलाच्या तिसऱ्या वर्षात असून माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी ते वर्गात सांगितलं. सरांनी विचारलं होतं की युरोपच्या वेळेबद्दल कोणाला काही माहीत आहे का, आणि मी हात वर केला. अडखळत, पण शेवटपर्यंत बोलले. सरांनी विचारलं, हे कुठल्या पुस्तकात वाचलं? मी म्हटलं, माझ्या मायने सांगितलं.